चौथं नोझल

"…मग आता तुम्हीच सांगा चाचा, लहान इंजिन मोठं, की मोठं इंजिन मोठं?"

सम्मेद चौगुलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. काखेत चांदीच्या रंगाचा हातभर कप. मिशीला पीळ द्यायचा तेवढा बाकी होता.

चाचांनी उत्तर दिलं नाही. ते डिझेलच्या ताटलीत नोझल धूत बसले होते, आणि नोझल धुताना ते कुणालाच उत्तर देत नसत. एकदा आमदारसाहेबांनाही दिलं नव्हतं.

चाचा म्हणजे अल्लाबक्ष शिकलगार. मिरजेत मालधक्क्याच्या रस्त्याला त्यांचं पंप-नोझलचं दुकान. डिझेल गाडीचं काळीज म्हणजे पंप, आणि पंपानं ढकललेलं डिझेल इंजिनात फवारणारी बोटाएवढी वस्तू म्हणजे नोझल. या दोन गोष्टींवर चाचांनी छत्तीस वर्षं काढली, तिसऱ्या कशाला हात लावला नाही. गाडीचं दार वाजतंय म्हणून कुणी आलं तर सरळ सांगायचे, दारवाल्याकडं जा.

पंप लावून झाला की चाचा त्याच्या स्क्रूतून बारीक तार ओवत. तारेच्या टोकाला शिशाची गोळी. पकडीनं ती गोळी दाबली की तिच्यावर 'अ' उमटायचा. झालं सील. तो 'अ' दिसला की कोल्हापूरपासून विजापूरपर्यंत कुठलाही मिस्त्री त्या पंपाला पाना लावत नसे.

सम्मेदला हवी होती तशीच एक पक्कड. स्वतःच्या अक्षराची.

आता खोटं कशाला सांगा, बाजारात पक्कड मिळत नाही असं नाही. सांगलीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं मिळते. पण चाचांच्या हाताखाली शिकलेल्या माणसानं बाजारची पक्कड वापरणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच अक्षता टाकण्यासारखं. ती चाचांनी द्यायची असते. आजवर पाच जण शिकले, दोघांना मिळाली.

सम्मेदला अकरा वर्षं झाली होती. जयसिंगपुरात गाळा घेऊन ठेवला होता. 'चौगुले पंप-नोझल' असा बोर्ड रंगवून वर्ष उलटलं, आणि त्या बोर्डावर अजून पोतं बांधलेलं होतं. बायको दर रविवारी विचारायची, पोतं कधी काढायचं?

म्हणून हा कप.

बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या मागं माळावर जुनी धावपट्टी आहे. कधी काळी चेअरमनसाहेबांचं छोटं विमान तिथं उतरायचं म्हणे. आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या डिझेल गाड्या पळतात. एका वेळी दोन गाड्या, सरळ रेषेत चारशे मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, ब्रेक नाही, डोकंही लागत नाही, असं चाचा म्हणायचे. ते कधी बघायला गेले नव्हते.

सम्मेदची गाडी दीड लिटरची, चार सिलिंडरची, सासऱ्यांनी टाकून दिलेली. मागच्या काचेवर लिहिलेलं, 'मूर्ती लहान, कीर्ती महान'.

समोर कराडचे इंद्रजित हरुगडे. त्यांची जीप तीन लिटरची, सहा सिलिंडरची. बॉनेटवर ताटं मांडून दोघं आरामात जेवतील अशी. दोन वर्षं या माणसाला कुणी हरवलेलं नव्हतं, आणि काल सम्मेदनं त्यांना अर्ध्या गाडीनं मागं टाकलं.

तेव्हापासून सम्मेदची जीभ टाळूला लागली नव्हती. लहान इंजिन कसं हलकं, कसं झटक्यात उठतं, मोठं इंजिन म्हणजे कसा जेवण झालेला रेडा, हे तो कालपासून भेटेल त्याला सांगत सुटला होता. आज सकाळपासून चाचांना सांगत होता. त्यात आडून आडून एक गोष्ट होतीच. दीड लिटरनं तीन लिटरला मारलं, आणि दीड लिटरचा पंप कुणी लावला होता? मग आता पकडीचं काय?

चाचांनी एक नोझल पुसून फडक्यावर ठेवलं. दुसरं घेतलं.

सम्मेदनं कप दुसऱ्या काखेत घेतला.

"आणि खरं सांगू का चाचा, मला सुटायच्या आधीच कळलं होतं."

"काय?"

सकाळपासूनचा चाचांचा हा पहिला शब्द. सम्मेदला स्फुरण चढलं.

"शेजारी जीप उभी होती. सहज कान दिला, तर सहातलं एक टपकत होतं. तिसरं. ठेका चुकत होता. कुणाच्या बापाला ऐकू आलं नसतं, पण मला आलं. म्हटलं, दोनशे मीटरनंतर ही बसणार."

हे त्यानं अभिमानानं सांगितलं. कान चाचांनीच दिला होता ना.

चाचांचा हात ताटलीत थांबला.

"सांगितलंस?"

"कुणाला?"

चाचांनी नोझल खाली ठेवलं.

"शर्यत होती, चाचा."

चाचा रागावले नाहीत. त्यांनी नुसतं रस्त्याकडं तोंड केलं, कारण तेवढ्यात मालधक्क्याकडून एक दहाचाकी ट्रक येत होता.

चाचांनी मान तिरकी केली. ऐकलं. मग उठले आणि चपला न घालता, कोपरापर्यंत डिझेल गळत असताना, भर रस्त्यात जाऊन उभे राहिले.

ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून जे काय सुनावलं ते तमिळमध्ये होतं, पण अर्थ कळायला भाषा लागत नव्हती. चाचांना तमिळ येत नव्हतं. त्यांनी दोन बोटं वर केली. मग चिमूट उलटी करून थेंब पडतो कसा ते दाखवलं. मग तळहात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या मधोमध रोवलं.

ड्रायव्हर बघत राहिला. मागं चार रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. चाचांनी पुन्हा दोन बोटं, पुन्हा थेंब, पुन्हा बोट. आता कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं छातीला हात लावला, मान हलवली, आणि ट्रक हळू चालवत पुढं गेला. चाचांनी त्याला आपल्या दुकानाकडं बोटसुद्धा दाखवलं नाही.

परत येऊन ते ताटलीपाशी बसले आणि नोझल धुवायला लागले.

सम्मेदची मान खाली गेली.

या दुकानात येणाऱ्याला पाना कसा धरायचा हे शिकवण्याआधी एकच गोष्ट शिकवली जायची. टपकणारं नोझल ऐकू आलं की मालकाला सांगायचं. गाडी कुणाची ते बघायचं नाही, ती आपल्याकडं येईल का तेही बघायचं नाही. नोझल टपकलं की पिस्टन जळतो, पिस्टनला भोक पडलं की इंजिन गेलं, आणि घाटात गेलं तर माणूसही जातो.

अकरा वर्षांत सम्मेद शंभरेक गाड्यांमागं धावला असेल. एकदा तर नवरदेवाची गाडी अडवली होती, वरातीतल्या लोकांनी मारायचा तेवढा ठेवला होता.

आणि काल हातभर अंतरावर उभ्या माणसाला तो काही बोलला नव्हता.

विसरला असता तरी चाललं असतं. तो विसरला नव्हता. त्यानं ऐकलं होतं, आणि ऐकून त्याला बरं वाटलं होतं. त्यानं कप बाकाखाली सरकवला आणि फोन काढून बाहेर गेला.

हरुगडेंना आधी वाटलं, हा गडी खिजवायला फोन करतोय. हरलो ते हरलो, आता वर मीठ कशाला चोळतोस चौगुले, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सम्मेदनं पुन्हा केला. त्यांनी पुन्हा ठेवला. चौथ्या फोनला सम्मेद एवढंच म्हणाला, मला शर्यतीआधीच ऐकू आलं होतं आणि मी बोललो नाही, चूक झाली.

या वेळी हरुगडेंनी फोन ठेवला नाही. नोझलबद्दल कुणी काहीही सांगेल, पण असलं कोण सांगतं?

शुक्रवारी जीप मिरजेत आली. फाटकातून आत वळते न वळते तोच चाचा पाठमोरे असताना म्हणाले, "चौथं."

"तिसरं, चाचा."

"चौथं."

सम्मेदनं सहाही नोझलं काढली. एकेक हातपंपावर लावून दांडा दाबला. पहिल्याचा फवारा धुक्यासारखा आला. दुसऱ्याचाही. तिसऱ्याचा तर बघत राहावं असा. चौथ्याला थेंब लोंबत होता.

सम्मेदचे कान लाल झाले. हरुगडे त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

चौथ्याच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं. पिस्टनच्या डोक्यावर नखाएवढा पांढुरका डाग पडला होता. भोक पडलं नव्हतं. अजून दोन शर्यती, फार तर तीन. हरुगडेंनी वाकून पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. ही जीप त्यांच्या वडिलांची होती, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

चाचांनी चौथं नोझल नवं द्यायला सांगितलं. मग म्हणाले, पंपही उतरव, तपासणीच्या बाकावर लाव, पुरता नीट कर. एवढं बोलून त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि नमाजाला निघाले. हरुगडे समोरच्या खानावळीत जेवायला गेले.

दुकानात सम्मेद आणि तीन लिटरचा पंप, दोघंच राहिले.

पंप बाकावर फिरायला लागला की सहा काचेच्या नळ्यांत डिझेल भरतं. नळ्यांवर रेघा असतात. सहाही नळ्या एका पातळीला आल्या पाहिजेत, ही झाली एक गोष्ट. ती पातळी कुठल्या रेघेला ठेवायची, ही दुसरी; रेघ जितकी वरची, तितकं इंजिनाला डिझेल जास्त आणि ताकद जास्त. चाचांच्या वहीत या पंपापुढं आठवी रेघ लिहिलेली होती.

सम्मेदनं सहाही नळ्या एका पातळीला आणल्या. सुरेख. केसाचा फरक नाही. त्यानं त्या सातव्या रेघेला ठेवल्या.

कुणाला कळणार होतं? इंजिन सतारीसारखं वाजलं असतं. हरुगडे खूश होऊन गेले असते. पिस्टनला धोका नाही, धूर नाही, वाईट काहीच नाही. फक्त शेवटच्या दोनशे मीटरला जीपनं जरा कमी ओढलं असतं, आणि कप जयसिंगपुरातच राहिला असता.

त्यानं पंप बंद केला, समोरून चहा आणला आणि स्टुलावर बसला. सांगायचं होतं ते सांगितलं, नोझल बदललं, आता आणखी काय करायचं माणसानं? उद्या शत्रूला घोडा देऊन वर तलवारही द्यायची का? त्यानं स्वतःशी बराच वाद घातला, आणि प्रत्येक वेळी तोच जिंकला.

चहा मात्र त्यानं तसाच खाली ठेवला.

शेवटी तो चरफडत उठला. स्वतःला एक शिवी घातली, चाचांनाही मनातल्या मनात एक घातली, आणि पंप पुन्हा फिरवला. स्क्रूला पाना लावला. डिझेल चढलं… सातवी रेघ… थोडं वर… आठवी. सहाही नळ्या पुन्हा जुळवायला अर्धा तास गेला. आठवीवर पातळी स्थिर झाली तेव्हा त्याच्या पाठीला घाम आला होता, पण बरं वाटत होतं. कामाचं समाधान ते वेगळंच.

चाचा आले. नळ्यांकडं त्यांनी पाहिलंच नाही. स्टुलाशेजारच्या चहाकडं पाहिलं, त्यावर साय धरली होती.

"चहा गार केलास की रे."

मग त्यांनी तार ओवली, शिशाची गोळी लावली आणि आपली पक्कड दाबली. 'अ' उमटला.

"बघणार न्हाई, चाचा?"

"बघितलं."

पकडीचा विषय सम्मेदनं काढला नाही. आता कुठल्या तोंडानं काढणार?

महिन्याच्या शेवटच्या रविवारी चाचा पहिल्यांदाच धावपट्टीवर आले. आले ते हरुगडेंच्या जीपमधून. गुडघे दुखतात, जीपमध्ये पाय पसरता येतात, असं म्हणाले. सम्मेदला जरा लागलंच ते. पट्टीच्या टोकाला, जिथं गाड्या पोचतात तिथं, छत्री उघडून चाचा बसले आणि कुणीतरी दिलेल्या शेंगा सोलायला लागले.

दीड लिटर आणि तीन लिटर पुन्हा शेजारी शेजारी उभी राहिली.

सम्मेदनं काच खाली केली. कान दिला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. ठेका चुकेना.

"कशी हाय?" जीपमधून हरुगडेंनी विचारलं.

"ठणठणीत."

दिवा हिरवा झाला.

सम्मेद सुटला तो बाणासारखा. हे सांगायला हवं, कारण पुढं गावात भलतंच पसरलं: त्यानं पाय ढिला सोडला नव्हता. मुळीच नाही. जिंकायचं म्हणूनच तो पळवत होता. शंभर मीटरला एक गाडी पुढं, दोनशेला अर्धी.

मग उजव्या बाजूनं तो आवाज आला.

सहा सिलिंडरं, भरलेली, एका दमात. कुठं खोट नाही. आपल्या गाडीच्या ओरडण्यावरून तो आवाज हळूहळू पुढं सरकत गेला, आणि सम्मेद दात-ओठ खात गिअर टाकत असतानाही त्याच्या मनात आलं, वा, काय लागलाय पंप.

जीप दीड गाडीनं पुढं पोचली.

सम्मेद खाली उतरला तेव्हा हसत होता. लोकांना वाटलं, हरल्याचा धक्का बसलाय. हरुगडे येऊन त्याच्या गळ्यात पडले. कप उचलताना ते त्याला म्हणाले, एक बाजू तू धर. दोघांनी मिळून धरला, कुणीतरी फोटो काढला.

मग सम्मेद चाचांकडं आला. चाचांनी मूठभर शेंगा त्याच्यापुढं केल्या. दोघं थोडा वेळ शेंगा खात बसले. माळावर ऊन छान पडलं होतं.

चाचांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी काढून सम्मेदच्या मांडीवर ठेवलं.

सम्मेदनं चिंधी सोडली. पक्कड होती. तोंडावर उलटा कोरलेला 'स'. कानशीचे ओरखडे अजून ताजे होते, म्हणजे चाचांनी स्वतःच्या हातानं कोरला होता.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही. वाकून चाचांच्या पायाला हात लावला, आणि मग त्याच्या मनात जे घोळत होतं ते बाहेर पडलंच.

"जिंकून आलो तेव्हा दिली न्हाई तुम्ही. आज तर हरलोय, चाचा."

चाचांनी एक शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली…

"त्या दिवशी तुझं एकच इंजिन पळत होतं. आज दोन पळाली."